महाराष्ट्र शिक्षणात पुढे आहे की मागे? नेमका कोणता आकडा धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जनगणना म्हणते 82 टक्के साक्षर, बोर्ड म्हणतं दहावीला 94 टक्के पास, आणि 'असर'चा (पोरांचं वाचन-गणित घरोघरी जाऊन तपासणारा) अहवाल आला की पेपरात बातमी येते की पाचवीच्या पोरांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. मग खरं काय?

आकडे तिन्ही खरे आहेत. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या माणसांबद्दल बोलतो. आणि ज्याचा सगळ्यात जास्त गाजावाजा होतो, तो दहावीचा निकाल, राज्याच्या शिक्षणाबद्दल सगळ्यात कमी सांगतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, त्यामुळे यातले काही आकडे तयार होताना जवळून बघायला मिळतात.

आधी जनगणना. 2011 ला महाराष्ट्राची साक्षरता 82.34 टक्के निघाली; पुरुष 88.38, बायका 75.87. देशाचा आकडा 73 च्या आसपास होता, म्हणजे आपण चांगलेच वर. पण हा आकडा कसा जमा होतो ते बघा. प्रगणक म्हणून दारोदार जाणारे आम्ही मास्तरच. व्याख्या अशी की सात वर्षं वा त्यावरच्या ज्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं तो साक्षर. शाळेचं तोंड पाहिलेलं असलंच पाहिजे असं नाही, आणि नुसती सही येत असेल तर चालत नाही. ओट्यावर बसून घरधन्याला विचारायचं, "आईला लिहिता-वाचता येतं का?" तो म्हणणार, "येतंय की, बँकेत सही करती." "सही सोडून?" मग आतून म्हातारीच हसून सांगायची, "न्हाई रं बाबा, मला कुठलं येतंय." कधी आतून आवाजच यायचा नाही, आणि पुढच्या घरी जायची घाई असायची. एकूण काय, हा सांगोवांगीचा आकडा आहे, तपासून घेतलेला नव्हे.

दुसरं म्हणजे त्यात आजी आणि नात एकाच टोपलीत असतात. आजीच्या वाट्याला काय आलं हे आजी कुठे जन्मली त्यावर ठरलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं ठरवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था 1919 साली सातारा जिल्ह्यातल्या काले गावी सुरू झाली आणि पुढे वसतिगृहांचं जाळं विणत गेली. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाकडे. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत, शाळा मोजक्या. 1948 नंतर खरी सुरुवात, आणि मराठवाडा विद्यापीठ यायला 1958 उजाडलं. आज सरासरीत आम्ही मागे दिसतो त्यातला मोठा हिस्सा या जुन्या थकबाकीचा आहे, आत्ताच्या शाळांचा नव्हे. उलट मुंबई उपनगर 90 टक्क्यांच्या जवळ आणि नंदुरबार 64 च्या आसपास, यांना मिसळून निघालेला 82 हा आकडा धड अंधेरीला लागू नाही, धड धडगावला नाही.

आता दहावी. 2018 चा निकाल 89.41 टक्के. 2019 ला तो एकदम 77.10 वर आला. पोरं एका वर्षात ढ झाली का? झालं असं की नव्या अभ्यासक्रमात भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 अंतर्गत गुण काढून टाकले होते. त्यावर ओरड झाली, गुण परत आले, आणि 2020 ला निकाल 95.30! त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता हे मान्य, पण एकट्या भूगोलानं अठरा टक्के वाढत नाहीत. 2021 ला परीक्षाच झाली नाही, तर 99.95. म्हणजे निकालाची टक्केवारी पोरांपेक्षा परीक्षेच्या नियमांवर जास्त हलते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती 2019 ला चुकून उघडली एवढंच.

शिवाय ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांमधली. बसलीच नाहीत त्यांचं काय? त्यासाठी वेगळीकडे बघावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण शिक्षण खात्याचं नाही, म्हणून मला ते जास्त भरवशाचं वाटतं. 2019-21 च्या फेरीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी दहा किंवा जास्त वर्षं शाळा झालेल्या 50.4 टक्के निघाल्या. आधीच्या फेरीत 42 होत्या, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरीही निम्म्या बायका दहावीपर्यंत पोचलेल्या नाहीत. याच सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या मुलींपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात 21.9 टक्के, परभणीत 48 आणि आमच्या बीडमध्ये 43.7. हे आकडे शेजारी ठेवले की आठवी-नववीनंतर पटावरच्या मुली कुठे जातात ते वेगळं सांगावं लागत नाही.

त्यात ऊसतोड. दिवाळी झाली की मुकादमाची उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. तोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजतात, म्हणून दोघंही जातात. पोरं आजीकडे राहिली किंवा गावात हंगामी वसतिगृह चाललं तर शाळा टिकते, नाहीतर तीही फडावर. मोठी पोरगी असेल तर धाकट्याला सांभाळायला हमखास नेतात. मार्च-एप्रिलमध्ये ती परत येते तेव्हा वर्ग भागाकारावर असतो. तिला 824 भागिले 4 दिलं तर ती आठाला चारानं भागून 2 लिहिते, मग दोनाला भाग जात नाही म्हणून तो घर सोडूनच देते, 24 चे 6 करते आणि उत्तर लिहिते 26. पाढा पाठ आहे, रीत येते, शून्य कुठे मांडायचं तेवढं राहिलं. ज्या पंधरवड्यात ते शिकवलं त्या वेळी ती फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, होती. पटावर ती हजर, सहावीत गेलेली, आणि पाच वर्षांनी दहावी पासही होईल. सरकारी आकड्यात ती कुठेच अडत नाही.

म्हणूनच मला 'असर' महत्त्वाचं वाटतं. 'प्रथम' ही संस्था 2005 पासून ते करते. शाळेत न जाता घरी जाऊन, एकेका पोराला समोर बसवून अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, वजाबाकी, भागाकार एवढंच विचारतात. आमच्या शिक्षकांच्या बैठकीत या अहवालाला शिव्या घालायची पद्धत आहे, आणि त्यातला एक आक्षेप रास्त आहे: ते ग्रामीण भागापुरतं असतं, इंग्रजी शाळांची फजिती त्यात फारशी दिसत नाही. पण घरी जाऊन, एकेका पोराला विचारून काढलेला आकडा दुसरा आहेच कुठे? 2022 ला देशात पाचवीतली 42.8 टक्के पोरं दुसरीचा उतारा वाचू शकली. महाराष्ट्र या सरासरीच्या वर आहे, पण वर म्हणजे कशाच्या वर ते बघा. 2023 ला 14 ते 18 वयोगट तपासला, तर देशातल्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांतल्या 43.3 टक्केच मुलांना असा तीन अंकी भागाकार जमला.

कॉलेजचं एका ओळीत: 2021-22 ला 18 ते 23 वयोगटाचं उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण महाराष्ट्रात 35.3, देशात 28.4, तमिळनाडूत 47. आपण बरे, पण दक्षिणेच्या मागे.

तेव्हा पुढे की मागे? पोरांना शाळेत आणण्यात आणि पास करण्यात पुढे. पाचवीपर्यंत वाचायला आणि गणित यायला लावण्यात नाही, आणि मुलींना नववीच्या पुढे टिकवण्यात मराठवाड्यासारख्या भागात तर अजिबात नाही. तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर 82.34 पाठ करा, तिथे तोच लागतो. राज्य समजून घ्यायचं असेल तर 2027 च्या जनगणनेचे तक्ते आले की एकूण साक्षरता सोडून द्या. आपल्या जिल्ह्यातल्या 15 ते 24 वयाच्या मुलींचा रकाना काढा आणि त्यातल्या किती दहावीच्या पुढे गेल्यात ते बघा.