ठेव मोडून मुलीला परदेशी शिकायला पाठवावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली कन्या पर्यावरणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्यासमोर दोन संधी एकाच वेळी आल्या आहेत. तिच्या विद्यापीठाचा ज्या परदेशी विद्यापीठाशी करार आहे तेथे एक सेमिस्टर शिकणे, ही पहिली. तिचा एकूण खर्च आपल्या सात महिन्यांच्या घरखर्चाइतका येतो. एका खासगी संस्थेमार्फत तीन आठवड्यांत चार देश फिरवणारा नेतृत्वविकासाचा कार्यक्रम, ही दुसरी. त्यासाठी चार महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे लागतील. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे, म्हणून दोन्ही साधण्यासाठी निवृत्तीची एक ठेव मोडावी का, असे आपण विचारता. यातले काहीही न करता सगळे पैसे पदव्युत्तर शिक्षणासाठी राखावेत, असे आपल्या पत्नीचे मत आहे. मुलगी मात्र म्हणते, ‘मला पाण्यावर काम करायचे आहे, धोरणांवर करायचे आहे की यातले काहीच नको आहे, हे तिकडे राहिल्यावरच कळेल.’

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. सेमिस्टरसाठी तिला पाठवावे, तीन आठवड्यांचा कार्यक्रम सोडून द्यावा आणि निवृत्तीच्या ठेवीला हात लावू नये.

मुलीचे ते वाक्य मी गांभीर्याने घेतो, कारण त्याला आधार आहे. हाजो ॲडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की परदेशात राहिलेल्या व्यक्तींना स्वतःबद्दल अधिक स्पष्टता येते आणि कोणत्या कामाकडे वळायचे याचा निर्णयही त्यांना अधिक खात्रीने घेता येतो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातला पुढचा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा आहे: ही स्पष्टता किती देश पाहिले यावर नव्हे, तर परदेशात किती काळ राहिले यावर अवलंबून होती. परक्या समाजात रोजचे व्यवहार करताना आपल्या कोणत्या धारणा खरोखर आपल्या आहेत आणि कोणत्या केवळ सवयीने चिकटल्या आहेत, हे माणसाला पुन्हा पुन्हा तपासावे लागते, असे त्याचे स्पष्टीकरण हे संशोधक देतात. तीन आठवड्यांत चार देश म्हणजे एका देशाच्या वाट्याला जेमतेम पाच दिवस, आणि त्यातही मुक्काम, जेवण, प्रवास सारे आयोजकांनी आखलेले. त्यातून आनंद मिळेल, प्रमाणपत्रही मिळेल. पण ज्यासाठी आपण खर्च करू पाहता ते मिळण्याची शक्यता मला कमी दिसते.

जर्मनीतील विद्यार्थ्यांवर झालेला, युलिया झिमरमान आणि फ्रांझ नायर यांचा २०१३ सालचा अभ्यासही इथे उपयोगी पडतो. परदेशी शिकून आलेल्यांच्या स्वभावात मोकळेपणा वाढला आणि भावनिक अस्थिरता कमी झाली, आणि या बदलाचा मोठा भाग तिथे जोडलेल्या नव्या परदेशी नात्यांशी निगडित होता. म्हणून एक व्यावहारिक विनंती करतो. भाडे वाचावे म्हणून तिला तिथल्या ओळखीच्या कुटुंबाकडे ठेवण्याचा जो विचार आपण पत्रात मांडला आहे, तो सोडावा. इतर विद्यार्थ्यांबरोबरच्या सामायिक घराचे भाडे हा या खर्चातला सर्वांत सत्कारणी लागणारा भाग आहे, असे मी मानतो.

नोकरीच्या बाबतीत मात्र अपेक्षा मोजून ठेवाव्यात. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस या विद्यार्थी-विनिमय योजनेबद्दल युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. परदेशी शिकून आलेल्या पदवीधरांमध्ये पाच वर्षांनंतरचे बेरोजगारीचे प्रमाण इतरांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी होते, असे ती सांगते. माहितीपुस्तिकांमध्ये असे आकडे ठळक छापले जातात. परंतु परदेशी जाणारे विद्यार्थी जाण्यापूर्वीच आत्मविश्वास, जिज्ञासा अशा गुणांत इतरांपेक्षा काहीसे पुढे होते, हेही त्याच पाहणीत नोंदवलेले आहे. त्यामुळे तो सगळा फरक एका सेमिस्टरच्या खात्यावर जमा करता येत नाही. कारण आणि परिणाम यांचा अधिक काटेकोर शोध माथियास पारे आणि फाबियान वाल्डिंगर यांनी २०११ साली घेतला. पदवीकाळात परदेशी शिकल्याने पुढे परदेशात नोकरी करण्याची शक्यता सुमारे १५ टक्केबिंदूंनी वाढते, असे त्यांना आढळले. आपल्या म्हातारपणाच्या नियोजनाशी या निष्कर्षाचा थेट संबंध आहे: मुलगी पुढे दूर देशी स्थायिक होण्याची शक्यता आपण स्वतःच वाढवत असाल, तर आपली निवृत्ती आपल्याच पैशांवर उभी असली पाहिजे.

त्या ठेवीचा हिशोबही मांडून पाहू. आपल्या निवृत्तीला नऊ वर्षे आहेत. ८ टक्के चक्रवाढ धरली तर आज काढलेली रक्कम तेव्हा जवळपास दुप्पट झाली असती. महागाई ५ टक्के धरून खरी वाढ सुमारे ३ टक्केच मानली, तरी दोन्ही संधींसाठी कमी पडणारी, पाच महिन्यांच्या घरखर्चाइतकी ठेव मोडणे म्हणजे निवृत्तीनंतरचा, आजच्या भावातला, साडेसहा महिन्यांचा घरखर्च घालवणे होय. मुलीला शिष्यवृत्ती मिळू शकते, अर्धवेळ काम मिळू शकते, कर्जही मिळू शकते. निवृत्तीसाठी यातले काहीच उपलब्ध नसते.

ठेव न मोडता सेमिस्टरचा खर्च बसतो. मी सात महिन्यांच्या आकड्यावर विनिमय दर आणि अडचणी यांसाठी दहा टक्के राखीव धरतो, म्हणजे गरज ७.७ महिन्यांची होते. शिक्षणनिधीत सहा आहेत, १.७ कमी पडतात. दरमहा घरखर्चाच्या पाचव्या हिश्श्याइतकी शिल्लक पडते, असे आपण लिहिले आहे. प्रस्थानाला नऊ महिने आहेत, म्हणजे १.८ जमा होतात. हिशोब काठोकाठ आहे, त्यामुळे या काळात दुसरा मोठा खर्च काढू नये. व्हिसासाठी निर्वाहखर्चाची रक्कम आधीच दाखवावी लागते, आणि जर्मनीसारख्या देशासाठी ती एका बंद खात्यात भरावी लागते आणि तिथे गेल्यावर दरमहा ठरावीक हप्त्याने परत मिळते. त्यासाठी शिक्षणनिधी पुरेसा आहे, विमानप्रवास आणि राखीव रक्कम नंतरच्या बचतीतून भागेल. परकीय चलनही एकाच दिवशी न घेता तीन-चार टप्प्यांत घ्यावे. आणीबाणीचा निधी या हिशोबात मी धरलेलाच नाही, कारण घरात कमावते आपण एकटेच आहात.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. अशा विनिमय करारांत शुल्क साधारणतः स्वतःच्याच विद्यापीठाला भरायचे असते, म्हणून सेमिस्टर स्वस्त पडते. पण तिथे मिळवलेली श्रेयांके (क्रेडिट) इथे मान्य झाली नाहीत, तर पदवी एक सेमिस्टर लांबते. म्हणजे एका सेमिस्टरचे शुल्क पुन्हा, आणि पहिल्या नोकरीचा सहा महिन्यांचा पगार गेला. सात महिन्यांच्या खर्चाचे गणित त्याने पार कोलमडते. युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० आणि सेमिस्टरला ३० श्रेयांके असतात, आणि जाण्यापूर्वी एक अध्ययन करार केला जातो. त्यात एका तक्त्यात तिथे शिकायचे विषय आणि दुसऱ्या तक्त्यात त्यांच्या बदल्यात इथे माफ होणारे विषय लिहिलेले असतात, आणि खाली विद्यार्थी व दोन्ही विद्यापीठे यांच्या सह्या असतात. दुसऱ्या तक्त्यात ‘नंतर ठरवू’ अशा अर्थाची एकही ओळ राहता कामा नये. मुलीला पाणी आणि धोरण यांपैकी निवड करायची असेल, तर दोन्हींचा किमान एकेक विषय पहिल्या तक्त्यात यावा आणि त्यातल्या एकात तरी गटाने करायचा प्रकल्प असावा, एवढे पाहावे. तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर एखाद्या नदीच्या पाण्याचे नमुने तपासून त्याचा अहवाल लिहिताना तिला आपला कल जितका कळेल, तितका व्याख्याने ऐकून कळणार नाही.

आता आपल्या पत्नीच्या मताविषयी. सेमिस्टरवर शिक्षणनिधी संपला तर पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी कर्ज मोठे होईल, ही त्यांची भीती रास्त आहे. जेसी रोथस्टीन आणि सेसिलिया राउस यांनी २०११ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या पदवीधरांबाबत दाखवून दिले, की शैक्षणिक कर्ज असलेले तरुण जास्त पगाराच्या नोकऱ्यांकडे वळतात आणि लोकहिताच्या कमी पगाराच्या कामांपासून दूर राहतात. ज्या मुलीला आपल्या कामाचा हेतू शोधायचा आहे, तिच्यावर मोठ्या हप्त्याचे ओझे टाकणे म्हणजे शोध संपण्याआधीच उत्तर ठरवून टाकणे होय. पण याच कारणासाठी मला सेमिस्टर आधी हवे आहे. कल कळण्यापूर्वी घेतलेले दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण चुकीचे ठरले, तर त्याचे कर्ज सेमिस्टरच्या खर्चाच्या कितीतरी पट असते. शिवाय पदव्युत्तर पातळीवर पूर्ण शिष्यवृत्त्या असतात. इरॅस्मस मुंडस संयुक्त पदवीची शिष्यवृत्ती दरमहा १४०० युरो देते आणि सहभाग शुल्कही भरावे लागत नाही. १९२५ साली स्थापन झालेली डाड ही जर्मनीची शैक्षणिक विनिमय संस्थाही परदेशी विद्यार्थ्यांना मदत करते. स्पर्धा कडक असते, तरी परदेशी विद्यापीठात पूर्ण केलेले सेमिस्टर आणि तिथल्या प्राध्यापकाचे शिफारसपत्र अशा अर्जांना बळ देते. तरीही कर्ज घ्यावेच लागले, तर मासिक हप्ता अपेक्षित पहिल्या पगाराच्या एकपंचमांशाच्या आत राहील एवढेच घ्यावे, अशी मर्यादा मी घालेन आणि पत्नीशी बोलून ती आजच लिहून ठेवण्यास सांगेन.

या आठवड्यात मुलीने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात दोन प्रश्न विचारावेत: या करारासोबत एखादे अनुदान जोडलेले आहे का, आणि मागील तुकडीतल्या विद्यार्थ्यांची सर्व श्रेयांके मान्य झाली का. इरॅस्मसचे अल्पमुदतीचे अनुदान विद्यार्थ्याला थेट मागता येत नाही, ते स्वतःच्या विद्यापीठामार्फतच मिळते, म्हणून पहिला प्रश्न तिथेच विचारायला हवा. दुसऱ्याचे उत्तर लेखी घ्यावे, आणि अध्ययन करारावर तिन्ही सह्या होईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.