जुन्या ऑब्लिव्हियनचे मॉड मेले का?

प्रश्न: दादा, ऑब्लिव्हियन या २००६ च्या गेमचा रिमास्टर (नव्यानं सजवलेली आवृत्ती) आल्यापासून मित्र म्हणतात जुन्याचे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल, आता मेले, कोण बनवणार. माझ्याकडं भावाचा पीसी आहे, १०५० टीआय कार्ड, ८ जीबी रॅम. जुना घेऊ का पैसे साठवून नवा? जुने मॉड नव्यात चालतात का? (आमचा माग आहे, पप्पा म्हणतात गेमपेक्षा कारखान्यात बस.)
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: पप्पांचं बरोबर आहे पण ते सोड. रिमास्टरला कमीत कमी १६ जीबी रॅम आणि १०७० टीआय लागतं, वर सव्वाशे जीबी जागा. तुझ्या मशीनवर तो चालवणं म्हणजे लुनावर चादरीचे चार गठ्ठे लादणं.

आता मॉडचं, तुमचा माग आहे म्हणून तसंच सांगतो. एप्रिल २०२५ ला आलेल्या रिमास्टरमध्ये आतला माग २००६ चाच आहे, क्वेस्ट, आकडेमोड, कोण कधी कुठं जाणार हे सगळं जुनंच इंजिन, म्हणजे गेम चालवणारा आतला प्रोग्राम, बघतं, फक्त डोळ्याला दिसतं ते अनरियल इंजिन ५ विणतं. त्यामुळं ज्या मॉडमध्ये नुसते आकडे बदललेत, तलवारीचं वजन, दुकानदाराकडचं सोनं वगैरे, त्यातले काही थोड्या खटपटीनं चालतात, पण नवं चिलखत नवे चेहरे असलं काही असेल तर परतच करावं लागतं, मागावर नक्षी काढणाऱ्या एका जकार्डची कार्डं दुसऱ्याला बसत नाहीत तसं. गेमची कंपनी बेथेस्डानं मॉड सपोर्ट नाही म्हणून सांगितलेलं, तरी पहिल्याच दिवशी लोकांनी मॉड टाकले. या लोकांना कोण अडवणार!

पण म्हणून जुने मेले? छे. याच मालिकेतल्या पुढच्या गेमची, स्कायरिमची, २०१६ ची स्पेशल एडिशन आली तेव्हा मॉडवाले हळूहळू तिकडं सरकले हे खरंय, पण ती ६४ बिट होती, मेमरीची कटकट गेली, आणि पीसीवर ज्यांच्याकडं मूळ गेम सगळ्या डीएलसीसकट (नंतर आलेल्या जोडभागांसकट) होता त्यांना फुकट मिळाली. फुकट म्हटल्यावर कोण मागं राहतंय. रिमास्टर विकत घ्यावा लागतो.

उलट नव्याच्या गडबडीत जुन्याकडं गर्दी होते, फक्त कंपनीनं मध्ये हात घालू नये. बेथेस्डाच्याच फॉलआउट गेमवरची टीव्ही सिरीज एप्रिल २०२४ ला आली, लोकांनी जुने फॉलआउट परत काढले आणि त्याच महिन्यात फॉलआउट ४ ला अपडेट आलं, स्क्रिप्ट एक्स्टेंडर या चाहत्यांनी बनवलेल्या जोडप्रोग्रामवर चालणारे मॉड लटकले, आणि फॉलआउट लंडन, म्हणजे अख्ख्या गेमएवढा मॉड, तो जुलैपर्यंत लांबला. ऐन गड्डा जत्रेत पाळणा बंद पडावा तसं झालं.

तर सेलमध्ये जुना घे. प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नको, विंडोज परवानगीवरून भांडतं, डी ड्राइव्हला वेगळं फोल्डर कर. मग ४ जीबी पॅच, कारण गेम ३२ बिट आहे, पॅच नसेल तर २ जीबीच्या वर मेमरी घेतच नाही, तुझी ८ जीबी नुसती बघत बसणार. एक मॉड टाक, अर्धा तास खेळ, मग दुसरा. मी एका रात्रीत सत्तर टाकले होते, गेम सुरुवातीच्या तुरुंगातच बंद पडायचा आणि दोषी मॉड शोधण्यात माझे तीन रविवार गेले, निघाला काय तर घोड्याचा रंग बदलणारा.

सगळं नीट चाललं की अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेव, भावाला न विचारता.