टेस्ट चॅम्पियनशिपमध्ये सगळ्या टीम सारख्या मॅचेस का खेळत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की मागच्या वेळी (२०२३-२५) साऊथ आफ्रिका फक्त १२ टेस्ट खेळून फायनलला गेली आणि इंग्लंड २२ खेळूनही बाहेर राहिली, मग हे टेबल बनतं कसं आणि शेड्युल ठरवतं कोण. मला टेस्टचं लहानपणापासून वेड आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वर्ल्डकपसारखी सगळ्यांना एका ठिकाणी बोलावून खेळवलेली ही स्पर्धा नाहीये. दोन देशांची बोर्डं आपसात बोलून सिरीज ठरवतात, कोण कधी येणार, किती टेस्ट खेळणार वगैरे, आणि आयसीसी त्यातल्याच सिरीज मोजून दोन वर्षांचं टेबल लावते. ऑगस्ट २०१९ च्या ॲशेसपासून (इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची टेस्ट सिरीज) हे सुरू झालं, त्याआधी २०१३ आणि २०१७ ला करायचं ठरलं होतं पण दोन्ही वेळी शेवटी चॅम्पियन्स ट्रॉफीच झाली. टीम ९. झिम्बाब्वे, अफगाणिस्तान, आयर्लंड टेस्ट खेळतात पण यात नाहीत. प्रत्येक टीमला ६ सिरीज, ३ घरी ३ बाहेर, आणि एका सिरीजमध्ये कमीत कमी २ जास्तीत जास्त ५ टेस्ट. सगळा फरक इथेच पडतो. भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया एकमेकांत ५-५ टेस्ट खेळतात कारण टीव्हीचा पैसा तिथे आहे, बाकीच्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा दोनच येतात.

मॅचेस कमीजास्त म्हणून नुसते पॉइंट न बघता टक्के बघतात. जिंकलं तर १२, टाय ६, ड्रॉ ४, आणि मिळू शकत होते त्यातले किती टक्के मिळवले ते. मी ३ नोव्हेंबर २०२४ ला वानखेडेवर होतो, समोर न्यूझीलंड. १४७ करायचे होते, पंत ६४ मारून गेला आणि आपण १२१ वर ऑलआऊट, एजाझ पटेलने मॅचमध्ये ११ काढल्या, स्टँडमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बंगलोर आणि पुणे आधीच गेलं होतं, त्यामुळे ३-०. त्या सिरीजच्या आधी आपले ११ मॅचमध्ये १३२ पैकी ९८ पॉइंट होते म्हणजे ७४.२४ टक्के, तीन हरलो तर पॉइंट ९८ च राहिले पण खाली १६८ झाले, टक्के ५८.३३. मग ऑस्ट्रेलियातही ३-१ हरलो आणि शेवटी बरोबर ५० टक्क्यांवर फायनल गेली.

ओव्हर टाकायला उशीर केला तर पॉइंट कापतात, लोक याकडे लक्ष देत नाहीत पण हे फार महागात पडतं. २०२० च्या मेलबर्न टेस्टला ऑस्ट्रेलियाचे ४ पॉइंट गेले. ते राहिले असते तर त्यांचे टक्के न्यूझीलंडइतकेच, बरोबर ७० झाले असते आणि कदाचित २०२१ ची फायनल तेच खेळले असते. २०२३ च्या ॲशेसमध्ये तर इंग्लंडचे १९ कापले!

आता साऊथ आफ्रिका. त्यांच्या सहाही सिरीज दोन-दोन टेस्टच्या, आणि इंग्लंड ऑस्ट्रेलिया दोघंही वाट्याला आले नव्हते, म्हणून लोक म्हणतात सोप्पा रस्ता मिळाला. मला हे पटत नाही. त्यांच्या बोर्डाची टी२० लीग चालू होती म्हणून न्यूझीलंडला जवळजवळ दुसरी टीम पाठवली, तिथे २-० हरले, तरी पुढे जिंकत जिंकत ६९.४४ टक्क्यांवर पहिले आले आणि लॉर्ड्सला मार्करमच्या १३६ वर ऑस्ट्रेलियालाच हरवलं. न्यूझीलंडनंतर समोर आलेली प्रत्येक सिरीज खेळाडूंनी जिंकली, दोष शेड्युलचा आहे. माझं स्पष्ट मत आहे की सिरीज कमीत कमी ३ टेस्टची करा, १-१ झाल्यावर तिसरी मॅचच नसणं बघवत नाही हो, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांना आयसीसीने पैसे द्यावेत. आणि फायनल दर वेळी जूनमध्ये इंग्लंडलाच का? साउदम्प्टन, ओव्हल, लॉर्ड्स झालं, पुढच्या तिन्ही पण तिकडेच ठरल्यात.

भारत पाकिस्तान एकमेकांशी २००७ नंतर टेस्ट खेळलेलेच नाहीत, त्यामुळे तीही जोडी या टेबलात कधी येत नाही.

तुम्ही टेबल बघाल तेव्हा टक्क्यांसोबत कोणाच्या किती सिरीज उरल्यात आणि त्यातल्या घरच्या किती तेही बघा, सुरुवातीला दोन मॅच जिंकून कोणी १०० टक्क्यांवर दिसलं तरी त्यावरून काही कळत नाही.