इनव्हर्नेसला येताय आणि विकास संस्थेच्या बोर्डावर जायचंय, तर

ताई, सप्रेम नमस्कार.

यजमानांना स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसला डॉक्टर म्हणून नोकरी मिळाली आणि भोसरीचा कारखाना दिरांच्या हवाली करून तुम्हीही येताय, हे वाचून आनंद झाला. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पुण्यात उद्योजकांच्या चेंबरच्या समितीवर इतकी वर्षं काम केल्यावर इथल्या प्रादेशिक आर्थिक विकास संस्थेच्या बोर्डावर जाता येईल का, त्यासाठी ओळख लागते का, आणि पुण्याच्या अनुभवाला इथे किंमत आहे का. मी चिंचवडचा, स्कॉटलंडमध्ये स्थिरावलो आणि अशाच एका बोर्डावर सदस्य होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाता येईल, आणि ओळख लागत नाही. जागा निघाली की सरकारच्या सार्वजनिक नेमणुकांच्या संकेतस्थळावर जाहिरात येते. अर्जात दिलेल्या प्रत्येक निकषासमोर तुम्ही स्वतः काय केलं, याचं उदाहरण लिहायचं. ‘आम्ही समितीने केलं’ याला गुण नाहीत, ‘मी काय केलं’ यालाच आहेत. आपल्याला असं लिहायला संकोच वाटतो, तो बाजूला ठेवा. नंतर मुलाखत होते आणि शेवटचा निर्णय मंत्र्यांचा. या सगळ्या प्रक्रियेवर नैतिक मानकांच्या स्वतंत्र आयुक्तांची देखरेख असते. मुदत काही वर्षांची, ती वाढवून मिळू शकते, पण एकाच पदावर एकूण ८ वर्षांच्या पुढे नाही. स्त्रियांचं प्रमाण निम्मं असावं, असं उद्दिष्ट २०१८च्या कायद्याने सार्वजनिक मंडळांना घालून दिलंय, त्यामुळे स्त्री उद्योजकांनी अर्ज करावेत म्हणून मनापासून प्रयत्न होतात. काम महिन्यातल्या काही दिवसांचं, मानधन दिवसाच्या हिशोबाने. त्यावर घर चालणार नाही. डॉक्टरांसोबत जोडीदाराच्या व्हिसावर आलात तर नोकरी-धंद्याला बरीच मोकळीक असते. जोडकामाच्या मर्यादा यजमानांच्या व्हिसाला लागतील. तरीही निघण्यापूर्वी त्या वेळचे नियम वाचा, ते सारखे बदलतात.

आता संस्थेविषयी. तुमच्या डोळ्यांसमोर एमआयडीसी असेल. १९६२ पासून तिने जमीन घेतली, रस्ते-पाणी केलं, प्लॉट पाडले. पिंपरी, भोसरी, चाकण, रांजणगाव त्यातूनच उभे राहिले. इथल्या संस्थांच्या हातात तेवढं नसतं. बांधकामाची परवानगी स्थानिक कौन्सिल देते, कौशल्य प्रशिक्षणाची संस्था वेगळी आहे. विकास संस्था सल्ला देते, अनुदान देते, कधी कर्ज किंवा भांडवल घालते, काही इमारती बांधते. स्कॉटलंडमध्ये अशा तीन संस्था आहेत: स्कॉटिश एंटरप्राइझ, उत्तरेची हायलंड्स अँड आयलंड्स एंटरप्राइझ, आणि दक्षिणेसाठी एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली साउथ ऑफ स्कॉटलंड एंटरप्राइझ. इनव्हर्नेस ही उत्तरेच्या संस्थेची जागा. तिचं मूळ १९६५च्या हायलंड मंडळात आहे. ते मंडळ निघालं कारण डोंगरातली आणि बेटांवरची गावं ओस पडत होती. म्हणून तिच्या कायद्यात आर्थिक विकासासोबत सामाजिक विकासही आहे. कारखाना किती मोठा याच्याइतकंच गावातली शाळा टिकली का, हेही तिथे मोजलं जातं.

पुण्याच्या माणसाला इथे नजर बदलावी लागते. अनुशेषाची, म्हणजे मागास भागांच्या राहून गेलेल्या विकासाची, चर्चा निघाली की पुण्याकडे बोट दाखवलं जातं. वि. म. दांडेकरांच्या समितीचा १९८४चा अहवाल, विजय केळकरांच्या समितीचा २०१३चा, दोन्ही अभ्यास पुण्याशी नातं असलेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झाले, पण पुण्याच्या कारखानदारांमध्ये त्यांचं वाचन फार झालं असं मला वाटत नाही. तुम्ही ते येण्याआधी वाचा. हायलंड्सच्या बोर्डावर तुम्हाला गडचिरोली-नंदुरबारच्या बाजूने विचार करायचा आहे, चाकणच्या नव्हे.

मग पुण्याच्या अनुभवाचा उपयोग काय? फार मोठा आहे, पण ‘मी कारखाने आणीन’ असं मुलाखतीत सांगण्यात नाही. इनव्हर्नेसच्या उत्तरेला इन्व्हरगॉर्डन आहे. तिथे १९७१ मध्ये अॅल्युमिनियमचा मोठा कारखाना आला. अणुवीज स्वस्त मिळेल हे गणित धरून तो उभारला होता. ते गणित फसलं आणि १९८१च्या अखेरीस कारखाना बंद झाला. सुमारे ९०० जणांची नोकरी गेली, तीही एवढ्याशा वस्तीत. फोर्ट विल्यमजवळ कॉर्पाखची पल्प मिल १९६६ मध्ये निघाली आणि १९८० मध्ये तिचं लगद्याचं काम थांबलं. या गोष्टी इथे अजून काल घडल्यासारख्या बोलल्या जातात. मोठा प्रस्ताव समोर आला की बोर्डावरचं कोणी ना कोणी विचारतंच, ‘हे गेले तर मागे काय उरेल?’

याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२०च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलं. पुढे ह्युंदाईने तो घेतला. गिऱ्हाईक मिळालं, कारण आजूबाजूला चाकणचे पुरवठादार, टूलरूम, आयटीआयची मुलं आणि बंदराकडे जाणारा रस्ता होता. इन्व्हरगॉर्डनला त्या कारखान्याभोवती असं जाळं नव्हतं. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवा, आणि पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. मोठं नाव येणार, गेलं, कोणामुळे गेलं, यात आपली सगळी चर्चा संपते. तुम्ही मात्र भोसरीत सुटे भाग बनवता. मोठ्या कंपनीने ऑर्डर कमी केली की गाळ्यात काय होतं, बँकेचा हप्ता, कामगारांची दिवाळी, हे तुम्ही आतून पाहिलंय. ते बोर्डावर सांगणारं माणूस फार मोलाचं असतं. कागदावरच्या ‘रोजगारनिर्मिती’च्या आकड्याला योग्य प्रश्न तेच विचारतं.

दुसरा विषय जमिनीचा. एग नावाचं छोटं बेट १९९७ मध्ये तिथल्या रहिवाशांच्या ट्रस्टने विकत घेतलं. २००८ पासून वारा, पाणी आणि ऊन यांच्यावर चालणारी त्यांची स्वतःची वीजव्यवस्था आहे. २००३च्या कायद्याने गावांना जमीन खरेदीचा हक्क मिळाला, आणि अशा गावांना मदत करणं हे उत्तरेच्या संस्थेचं नेहमीचं काम आहे. आपल्या हडपसरला मगरपट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, बिल्डरला विकून मोकळे झाले नाहीत. मी हे उदाहरण इथे सांगितलं तेव्हा लोकांनी बारकाईने प्रश्न विचारले: हिस्से कसे ठरवले, भूमिहीनांचं काय झालं, पुढच्या पिढीला काय मिळालं. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवून या. मला ते प्रश्न फार योग्य वाटले, आपल्याकडे ते कमी विचारले जातात.

आता सगळ्यात जपायची गोष्ट, हितसंबंध. तुमचा भोसरीचा कारखाना, त्यातला वाटा, घरच्यांचे शेअर, कोणत्या संस्थेवर तुम्ही सदस्य आहात, हे सगळं जाहीर नोंदवहीत जातं आणि कोणीही ते वाचू शकतं. तुमच्या कारखान्याचा माल घेणाऱ्या इथल्या एखाद्या कंपनीचा अर्ज बोर्डापुढे आला, तर ते आधीच सांगायचं आणि त्या विषयापुरतं खोलीबाहेर जायचं. मिनिट्समध्ये तशी नोंद होते. चेंबरमध्ये आपण आपापल्या वसाहतीची वीज, आपापला रस्ता मांडायला बसतो, आणि ते रास्तच आहे, चेंबर त्यासाठीच आहे. इथे तुम्ही कोणाच्याच प्रतिनिधी नसता. गणपतीच्या कार्यक्रमात आपलीच माणसं येऊन म्हणतील, ‘वहिनी, आमच्या अर्जाकडे जरा लक्ष असू द्या.’ त्यांना अधिकाऱ्यांचा संपर्क द्या आणि तिथेच थांबा. कोणी दुखावलं गेलं तरी चालेल. सार्वजनिक पैसा आहे, आणि परक्या भूमीवर आपल्यावर विश्वास टाकून तो सोपवलेला आहे, हे मला तेव्हा रोज जाणवायचं.

कारखाना चालवणाऱ्याला आणखी एक गोष्ट जड जाते. बोर्ड काम करत नाही, ते सीईओ आणि त्यांची माणसं करतात. बोर्ड दिशा ठरवतं, कामावर लक्ष ठेवतं, प्रश्न विचारतं. पैशाचा हिशोब द्यायला सीईओ व्यक्तिशः स्कॉटिश संसदेला जबाबदार असतात. बोर्डाचा एखादा निर्णय नियमात बसत नाही असं त्यांना वाटलं, तर ते लेखी आदेश मागू शकतात आणि तो कागद महालेखापरीक्षकांकडे जातो. म्हणून थेट अधिकाऱ्याला फोन करून ‘हे एवढं करून टाका’ असं कधीही म्हणू नका. शक्य झालं तर ऑडिट कमिटीवर जागा मागा. संस्था खरी कशी चालते ते तिथेच कळतं.

पण फक्त या पदासाठी देश बदलू नका. इंग्लंडमधल्या अशाच प्रादेशिक संस्था १९९९ मध्ये निघाल्या आणि २०१२ मध्ये सरकारने गुंडाळल्या. आपल्याकडच्या वैधानिक विकास मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० ला संपली.

आल्या आल्या अर्जही करू नका. आधी एखाद्या गावच्या विकास ट्रस्टवर, कॉलेजच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या बोर्डावर विनामोबदला काम करा. हिवाळ्यात बेटावरची बोट रद्द होते तेव्हा दुकानदार, मासेवाले, शाळेची मुलं काय करतात ते तिथे राहून पाहा. त्यानंतरच्या तुमच्या अर्जात वजन येईल. चेंबरच्या समितीत तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन पार पाडलेल्या दोन-तीन कामांची टिपणं मात्र आताच करून ठेवा. त्यांची कागदपत्रं पुण्यात हाताशी आहेत, इथून ती मागवणं अवघड जाईल. मसुदा झाला की पाठवा, मी वाचून कळवतो.