बटण बंद, तरी बल्ब मिणमिणतो

प्रश्न : घरातले सगळे बल्ब काढून एलईडी लावले. जिन्यातला आणि देवघरातला बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणतो. बल्ब बदलून घ्यावेत का? (सातारा)

उत्तर : बल्ब बदलून उपयोग होणार नाही, दोष बहुधा बोर्डात आहे. साध्या बल्बची तार तापायला भरपूर करंट लागायचा, म्हणून वायरिंगमधली किरकोळ गळती कधी दिसलीच नाही. एलईडीला एका मिलीअँपिअरपेक्षा कमी करंटही मिणमिणायला पुरतो.

देवघराच्या बटणातच बारीक लाल इंडिकेटर आहे का, ते आधी पाहा. बटण बंद असताना त्या इंडिकेटरचा करंट बल्बमधूनच जातो. तसं असेल तर साधं बटण बसवलं की काम झालं.

जिन्यासाठी मात्र तपासणी करा. बटण बंद करून बल्ब काढा, रबरी चप्पल घाला आणि टेस्टर होल्डरच्या दोन्ही पिनांना आळीपाळीने लावा. एका पिनेवर तो ठळक पेटला, तर बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) बसलं आहे. जिन्याला दोन बटणं असतील तर ती आळीपाळीने दाबून, बल्ब बंद राहील अशा दोन्ही स्थितींत तपासा. बटण न्यूट्रलवर असणं मिणमिणण्यापेक्षा फार गंभीर आहे: बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत असते आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. मेन स्विच पाडून वायरमनकडून जोडणी लगेच सुधारून घ्या, पुढच्या महिन्यावर टाकू नका.

टेस्टर अगदी मंद पेटला, तर शेजारून लांबवर गेलेल्या जिवंत वायरीचा तो परिणाम असतो. तिथे वायरमनकडून होल्डरला समांतर ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ (थेट घरच्या विजेवर लावायचा सुरक्षित प्रकारचा) कपॅसिटर लावून घेतला की मिणमिणणं थांबतं. पंख्याचा साधा कपॅसिटर तिथे लावू नका.

प्रश्न : बाथरूममधला ९ वॅटचा एलईडी सहा महिन्यांतच जातो, हॉलमधला मात्र टिकतो. असं का? (डोंबिवली)

उत्तर : बाथरूममध्ये बल्ब बंद काचेच्या गोळ्यात असणार. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने, ड्रायव्हर (एलईडीला योग्य करंट देणारं सर्किट) असतो तिकडून बाहेर पडते. गोळ्यात ती कोंडते आणि ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तिथे ५ वॅटचा बल्ब लावा किंवा गोळा काढा. पाणी उडत असेल तर बाथरूमसाठीचं सीलबंद एलईडी फिटिंग घ्या. होल्डरही बघा: पिना आत दबून स्प्रिंग मेली असेल, बल्बच्या तळाच्या शिशावर काळे खड्डे पडले असतील, तर ठिणग्या उडताहेत. होल्डर स्वस्तात मिळतो, नवा बसवा.

घरभरचे बल्ब एकदमच जाऊ लागले, तर मीटरकडे किंवा खांबावर न्यूट्रल सैल झाल्याची शंका घ्या आणि महावितरणकडे तक्रार नोंदवा.

प्रश्न : ६० वॅटच्या बल्बऐवजी किती वॅटचा एलईडी? आणि जुन्या ट्यूबचं काय करावं? (नांदेड)

उत्तर : ९ वॅट पुरे, पण खोक्यावर वॅटपेक्षा ल्युमेन (उजेडाचं माप) वाचा, ८०० च्या आसपास हवेत. रोज पाच तासांना ६० वॅटचा बल्ब महिन्याला ९ युनिट खातो, एलईडी १.३५. बिल १०० युनिटच्या थोडं वर जात असेल, तर ही बचत महागड्या टप्प्यातून वजा होते, म्हणून जास्त जाणवते.

जुनी ३६ किंवा ४० वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट ५० वॅटच्या आसपास घेते. त्याच पट्टीत एलईडी ट्यूब घालण्यापेक्षा २० वॅटची तयार पट्टी लावलेली बरी. जुनीच पट्टी ठेवायची असेल तर स्टार्टर काढा, चोक वगळा आणि ट्यूबवरचा जोडणीचा नकाशा वाचूनच वायर जोडा. काही ट्यूबना फेज-न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. इथे चुकलं तर थेट शॉर्ट होतो.

काढलेले सीएफएल आणि जुन्या ट्यूब ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, त्यांत पारा असतो. ई-कचरा संकलनात द्या. एखादा फुटलाच तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. मग हातमोजे घालून काचा जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा खोलीभर पसरतो.