तीस सायकली आणि वाटेवरची गावे

नमस्कार भाऊ. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहणाऱ्या तुमच्या मुलाला जुलैतल्या एका सकाळी घरासमोरून हजारो सायकली जाताना दिसल्या, तो काय प्रकार होता, असे तुम्ही विचारले आहे. आणि येत्या डिसेंबरात धुळ्याचे तुम्ही तीस जण रावेरहून शहाद्यापर्यंत सायकलने जाणार आहात, त्यासाठी त्यातून काही घेण्यासारखे आहे का, हेही विचारले आहे. मी त्या राज्यात नऊ वर्षे राहिले, पण त्या सहलीत एक किलोमीटरही सायकल चालवली नाही. मी वाढप्यांत होते, त्यामुळे हे उत्तर त्या बाजूचे आहे.

तुमच्या मुलाने पाहिली ती ‘रॅगब्राय’, म्हणजे आयोवा आडवे ओलांडणारी दरवर्षीची सायकल सहल. १९७३ मध्ये डी मॉइन रजिस्टर या वृत्तपत्राचे जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल या दोघा पत्रकारांनी सायकलवरून सारे राज्य आडवे ओलांडायचे आणि वाटेतून मजकूर पाठवायचा, असा बेत केला, आणि वाचकांनाही सोबत यायचे आमंत्रण छापले. त्या वर्षी सू सिटीहून डेव्हनपोर्टपर्यंत गेलेल्यांत क्लॅरेन्स पिकार्ड हे ८३ वर्षांचे गृहस्थ होते, आणि तेही एका जुन्या लेडीज सायकलवर. हल्ली ही सहल जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात निघते. पश्चिमेला मिसुरी नदीत मागचे चाक बुडवून निघायचे आणि सातव्या दिवशी मिसिसिपीत पुढचे चाक बुडवायचे, असा तिचा रिवाज आहे. अंतर सरासरी साडेसातशे किलोमीटर, म्हणजे रोजचे शंभराच्या वर. मार्ग दरवर्षी बदलतो, आणि मुक्कामाची गावे जानेवारीतच जाहीर होतात. जुलैच्या पाहुण्यांची खबर गावाला जानेवारीत मिळते, हे तुम्ही ध्यानात ठेवावे.

मला मात्र पहिल्या वर्षी कसलीच खबर नव्हती. आमचे गाव हजाराच्या आतल्या वस्तीचे. सकाळी दूध आणायला गाडी काढली आणि फाट्यावरच थांबावे लागले, कारण मक्याच्या दोन शेतांमधल्या त्या रस्त्यावर सायकलींची रांग होती आणि तिचे शेवटचे टोक दिसत नव्हते. मी हळूच गाडी पुढे घेतली, तशी सर्वांत मागचा स्वार ‘कार बॅक’ असे ओरडला. त्याच्या पुढच्याने तेच म्हटले, मग त्याच्या पुढच्याने, आणि ती हाक चढ ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत माणसामाणसातून पुढे गेली. समोरून वाहन आले की ‘कार अप’ अशी हाक तशीच उलटी मागे येई. ना शिट्टी, ना भोंगा. तुमच्या तीस जणांनी एवढी एक सवय लावून घेतली तरी बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर ती फार कामाला येईल, कारण रावेर ते यावल केळीच्या ट्रकांची आणि पुढे कापसाने शिगोशीग भरलेल्या वाहनांची वर्दळ असते.

दोन वर्षांनी मार्ग पुन्हा आमच्या गावावरून गेला, तेव्हा मी चर्चच्या स्वयंपाकघरात पाय कापायला उभी होते. पाय म्हणजे फळांचे सारण भरलेला, वर पिठाचे झाकण असलेला गोड पदार्थ. एकाचे आठ तुकडे करायचे, आणि सुरी दर दोन कापांनंतर गरम पाण्यात बुडवायची, नाहीतर झाकण सारणासकट ओढले जाते. शेजारच्या टेबलावर मी हौसेने मीठ-साखरेचे लिंबू सरबत ठेवले होते, चाळीस पेल्यांच्या अंदाजाने. ते दहा मिनिटांत संपले, आणि नंतरचे दोन तास मी ‘संपले’ एवढेच सांगत होते. स्वयंपाकघराचा कारभार पाहणाऱ्या सत्तरीच्या बाई मात्र निवांत होत्या, कारण पहिली झुंबड किती वाजता आणि साधारण किती जणांची येईल, हे त्यांना महिनाभर आधीच कळवलेले होते. प्रत्येक तुकड्याचे पैसे घेतले जात होते, आणि त्यात कोणाला संकोच वाटत नव्हता.

आपल्याकडे इथेच गडबड होते, असे माझे मत आहे. माझे माहेर धुळे–मालेगाव रस्त्यावरचे. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगगडाला पायी निघालेले लोक आमच्या दारावरून जात आणि आई पहाटेच रांजण भरून ठेवी. त्या वाटसरूंनी निरोप पाठवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिथी साऱ्या गावाला पाठ होती. सायकलवाल्यांना अशी तिथी नसते. ते अचानक येतात, तीस जणांचा चहा मागतात, हॉटेलवाला धावपळ करून दूध आणतो, आणि तोवर निम्मे पुढे निघून गेलेले असतात. गावाने प्रेमाने फुकट खाऊ घातले, तर त्याचे फोटो तेवढे निघतात. तुम्ही पैसे ठरवून द्या, आधी सांगून द्या; बचत गटाच्या बायकांना सांगितले तर त्या कळण्याची भाकरी आणि ठेचा कोणत्याही हॉटेलापेक्षा चांगला देतील.

वाटेबद्दल थोडक्यात सांगते. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा हे पल्ले सुमारे चाळीस ते पंचावन्न किलोमीटरचे आहेत, म्हणून चार दिवसांचा बेत करावा. दोन दिवसांत उरकायचा हट्ट केला, तर मागे राहिलेल्यांची वाट पाहण्यातच संध्याकाळ जाईल. सामान टेम्पोत टाकावे आणि तो टेम्पो सर्वांच्या मागे ठेवावा, पुढे नव्हे. डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी असते आणि दुपारी ऊन लागते, तेव्हा स्वेटर काढून ठेवायची सोय सायकलवरच हवी. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. त्या सुमारास शहाद्याकडे मुक्कामाला खोली मिळणे कठीण, म्हणून तारीख पंचांग पाहून ठरवा. राहिले पंक्चर. विश्रांतीला कोणीही सायकल रस्त्याखाली उतरवू नये, कारण बांधावर सराटे असतात आणि बाभळीचा काटा तर टायर आरपार भेदतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातले सायकलस्वारही याच सराट्याने हैराण असतात, हे वाचून मला उगीचच बरे वाटले होते. दर पाच सायकलींमागे एक पंप आणि प्रत्येकाजवळ एक जादा ट्यूब असावी.

चोपड्यात मुक्काम ठरला, तर एका रात्रीचे भरीत आमच्या शेतावर करू. वांगी पऱ्हाट्यांवर भाजायची असतात, आणि ती आदल्या दिवशीच मळ्यातून आणावी लागतात. म्हणून आकडा आणि पोचायची वेळ आठवडाभर आधी कळवा, आणि तीस जण असाल तर तीसच सांगा, पस्तीस नको.