चित्रकला येत नाही, हात थरथरतो, तरी टेबलटॉप खेळातल्या मिनिएचर्स, म्हणजे टेबलावर मांडून खेळायच्या छोट्या मूर्ती, रंगवता येतील का? सुरुवातीला काय घ्यावं? आणि डोळे काढायची तर भीतीच वाटते, त्यांचं काय करावं?

येतील. कोऱ्या कागदावर आकार तुम्हालाच उभा करावा लागतो. इथे तो घडवणाऱ्याने आधीच घडवून ठेवलेला असतो. झग्याच्या चुण्या, चिलखताच्या कडा, भुवयांखालची खोबण, सगळं त्या पायापासून डोळ्यांपर्यंत २८ ते ३२ मिलिमीटरच्या मूर्तीत आहेच. आपण फक्त खोलगट भाग गडद आणि उंचवटे उजळ करायचे. मला आजही धड घोडा काढता येत नाही, पण घोडेस्वार रंगवता येतात.

थरथरणाऱ्या हाताचं म्हणाल, तर माझाही हात हवेत धरला की हलतो. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा आणि दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवा. मग मूर्ती आणि ब्रश एकत्रच हलतात, त्यामुळे रेघ चुकत नाही. मूर्ती बोटांत धरू नका. बाटलीच्या रुंद बुचावर चिकटपट्टीने किंवा चिकट पुट्टीने बसवा आणि बूच फिरवत रंगवा. हात वळवण्यापेक्षा मूर्ती वळवणं नेहमी सोपं.

आता खरेदी. नवीन माणूस हमखास सगळ्यात बारीक, तीन शून्यांचा ब्रश घेतो, कारण मूर्ती लहान असते. तो घेऊ नका. त्याच्या पोटात रंग इतका कमी मावतो की मूर्तीपर्यंत पोहोचेस्तोवर टोकावरच सुकतो. गोल आणि टोकदार असा १ किंवा २ नंबरचा एक चांगला ब्रश घ्या. बारकावा टोकामुळे साधतो, ब्रश लहान असल्यामुळे नाही. सोबत ड्रायब्रशिंगसाठी (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळण्यासाठी) एखादा जुना, पसरलेला ब्रश ठेवा. रंग मिनिएचर्ससाठीचेच अ‍ॅक्रिलिक घ्या. वायेहो, सिटाडेल, आर्मी पेंटर यांपैकी कुठलेही चालतील. त्यांतलं रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं, त्यामुळे पातळ थरातही झाकणं जमतं. काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा, तपकिरी, त्वचेचा एक, पोलादी एक आणि तपकिरी वॉशची (सावलीसाठीच्या पातळ रंगाची) एक बाटली, एवढं महिनोन् महिने पुरतं. मोठे संच नंतर बघा.

मूर्तीचे भाग ज्या फ्रेमला जोडून येतात, तिच्यातून कापल्यावर साच्याच्या जोडाची बारीक उभी रेघ दिसते. ती चाकूच्या पात्याने हलकेच खरवडून काढा, नाहीतर रंगानंतर ती जास्तच डोळ्यांत भरते. कडक प्लॅस्टिकच्या मूर्तीला प्लॅस्टिक सिमेंट लावा, ते प्लॅस्टिक किंचित वितळवून सांधा एकजीव करतं. धातू आणि रेझिनला सुपरग्लू. रेझिन घासायचं असेल तर ओलं करून, मास्क लावूनच घासा, ती धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका.

मग प्रायमर, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून आधी द्यायचा थर. उघड्या प्लॅस्टिकवर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, बोटाने निघून येतं. स्प्रे असेल तर मोकळ्या हवेत, वीस-तीस सेंटिमीटरवरून, छोट्या फवाऱ्यांत मारा. दमट दिवशी टाळा, पृष्ठभाग खरखरीत होतो. पहिल्या मूर्तींना मी राखाडी सुचवेन, कारण काळ्यावर बारकावे दिसत नाहीत आणि पांढऱ्यावर राहून गेलेली प्रत्येक जागा ओरडते.

आता मुख्य गोष्ट: पाणी. माझी पहिली मूर्ती एक तलवारबाज होता. बाटलीतला रंग थेट, एकाच थरात दिला. सुकल्यावर नाक, ओठ, बोटांमधल्या फटी, सगळं लिंपलं गेलं होतं. त्याच संचातल्या दुसऱ्या तलवारबाजाला तोच रंग पातळ करून तीन थरांत दिला, तेव्हा चेहरा चेहऱ्यासारखा राहिला. दोघांत फरक फक्त पाण्याचा होता.

रंग नेहमी पॅलेटवर काढा आणि थेंबाथेंबाने पाणी घालून दुधाइतका पातळ करा. ब्रश बुडवला की थेट मूर्तीकडे जाऊ नका, आधी टिश्यूवर एकदा टेकवा. या एका कृतीने निम्म्या चुका टळतात, आणि बहुतेक जण नेमकी हीच विसरतात. मग अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघा. रंग आपणहून पसरला तर ब्रशवर ओल जास्त आहे, केसांचे ओरखडे उमटले तर रंग दाट आहे. पहिला थर ठिगळासारखा दिसेल, खालचा राखाडी डोकावेल. घाबरू नका, त्यावर घाईने रंग थापू नका. पूर्ण सुकू द्या, मग दुसरा द्या. मात्र फार पाणी घातलं तर रंग धरून ठेवणारा घटक विरळ होतो आणि सुकताना कडेला वर्तुळं उमटतात. तेवढा पातळ थर हवा असेल तेव्हा पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्याशिवायचा तोच धरून ठेवणारा घटक, वापरा.

रंग सुकून जातो ही तक्रार असेल तर ओलं पॅलेट घरीच करा. झाकणाच्या उथळ डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर, आणि कागदावर रंग. तो तासन् तास ओला राहतो. पोलादी किंवा सोनेरी रंग मात्र त्यावर काढू नका. त्यातली चमकी सगळीकडे पसरते. ब्रश धुवायचं पाणीही त्यांचं वेगळं ठेवा.

मूळ रंग झाले की वॉश. तो आपणहून खोलगट भागात उतरतो आणि सावली तयार होते. सपाट जागी डबकं साचलं तर ओलं असतानाच स्वच्छ ब्रशने टिपून घ्या. अर्धवट सुकलेल्याला हात लावला की डाग पडलाच. उंचवटे उजळायला ड्रायब्रशिंग करा. ब्रशवरचा रंग जवळजवळ सगळा पुसून केस, लोकर, साखळ्यांचं चिलखत यांवर हलके फटकारे मारायचे. पहिल्यांदा त्या साखळीची कडी न् कडी उठून दिसते तो क्षण मला अजूनही फार आवडतो. पिवळा कधीच काळ्यावर थेट देऊ नका, आधी फिकट तपकिरी थर द्या.

चांगल्या ब्रशचे केस अर्ध्यापेक्षा जास्त रंगात बुडवू नका. धातूच्या कड्यात रंग शिरून सुकला की टोक फाटतं. ब्रश पाण्यात उभा सोडणंही तितकंच वाईट.

सुरुवात तुमच्या लाडक्या सरदारापासून करू नका. एकसारखे चार-पाच साधे शिपाई घ्या आणि ते पूर्ण करा, अगदी तळाच्या चकतीची कड रंगवण्यापर्यंत. एकदम वीस मांडून बसलात तर कंटाळून डबा बंद कराल. शेवटी मॅट वार्निश द्या, कारण खेळताना बोटं लागून आधी टोकं आणि कडांचाच रंग उडतो.

डोळ्यांची भीती तुम्ही वेगळी विचारली आहे. या पहिल्या शिपायांना डोळे काढूच नका. चेहऱ्यावर तपकिरी वॉश दिला की खोबणी गडद होतात आणि हातभर अंतरावरून डोळे असल्यासारखेच वाटतात. नंतर काढायचे झाले तर चेहऱ्याच्याही आधी काढा. खोबणीत मळकट पांढरा भरा, मधे वरपासून खालपर्यंत एकच गडद उभी रेघ ओढा, आणि जे बाहेर गेलं ते त्वचेच्या रंगाने वरून-खालून झाकून घ्या. ठिपका द्यायला गेलात तर डोळे वटारल्यासारखे दिसतात, उभ्या रेघेचं तसं होत नाही.